लांबून घेतलेले जवळचे फोटो

आमच्या घरचे अल्बम ओळीनं पाहत गेलं की एका पानापाशी फोटोंचा स्वभाव बदलतो. त्याआधी माणसं रांगेत उभी आहेत. मागे देऊळ, धरण, नाहीतर महाबळेश्वरचा एखादा पॉइंट. पुढे उंचीप्रमाणे उभे राहिलेले नातेवाईक, हात अंगाला चिकटलेले, डोळे उन्हानं बारीक झालेले. त्यानंतरच्या पानांवर माणसं काहीतरी करताना दिसायला लागतात. आत्या पुरणपोळी लाटतेय. आजोबा चष्मा कपाळावर सरकवून पंचांगात डोकं घालून बसलेत. धाकटा काका गणपतीच्या मखराला टाचण्या टोचतोय आणि एक टाचणी त्यानं ओठांत धरलीय. या दोन काळांच्या मधोमध घरात एकच नवी वस्तू आली होती, खिशात मावणारा झूमचा कॅमेरा.

रंगीत फोटो आले तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. पण माझ्या मते आपल्या घरांतल्या फोटोंमध्ये रंगापेक्षा मोठा फरक या झूमनं केला. लांब उभं राहून जवळचं पाहायची सोय त्यानं दिली, आणि माणसं फोटोत पहिल्यांदा मोकळी झाली.

बाबांकडे होता तो आगफा क्लिक थ्री. बडोद्यात बनलेला, काळा, दणकट. त्यात एकशेवीस नंबरचा रोल बसायचा आणि एका रोलमधून बारा चौकोनी फोटो निघायचे. मागच्या छोट्या लाल काचेत पुढचा आकडा येईपर्यंत खुंटी फिरवायची, ऊन आहे की ढगाळ एवढंच कॅमेऱ्याला सांगायचं आणि खटका दाबायचा. फोकस करणं हा प्रकारच नव्हता. माणूस थोडा लांब असला की फोटो स्पष्ट, फार जवळ आला की पुसट. म्हणून बाबा आधी पावलं मोजत आणि मग सगळ्यांना उभं करत. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा हा नियम, त्यामुळे समोरच्यांच्या डोळ्यांत ऊन. रोल ओर्वोचा मिळे, नाहीतर उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू. बारा फोटोंत बारसं, मुंज, सहल सगळं बसवायचं असे. पोळी लाटणाऱ्या बाईवर त्यातला एक खर्च करावा असं कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं. कोण होतं आणि कुठे होतं याची नोंद ठेवणं हे त्या फोटोंचं काम, आणि ते त्यांनी चोख केलं. त्यातल्या कितीतरी माणसांची नावं सांगायला आज फोटोमागच्या बाबांच्या अक्षराशिवाय दुसरं काही उरलेलं नाही.

मग पस्तीस मिलिमीटर फिल्मचे सोपे कॅमेरे आले. हॉट शॉटच्या जाहिरातीतला 'खटॅक' पोरांच्या तोंडी बसला, लग्नाकार्यात याशिका एमएफ-टू या हातातून त्या हातात फिरू लागला. फ्लॅशमुळे फोटो घरात आला, एका रोलमध्ये छत्तीस मावायला लागले, वाढदिवस आणि हळदीकुंकू दिसू लागलं. भिंग मात्र एकाच जागी बसलेलं. चेहरा मोठा हवा तर चेहऱ्याजवळ जायला हवं, आणि कॅमेरा घेऊन जवळ गेलं की माणूस ताठ होतोच.

कॅमेऱ्यानं स्वतःच फोकस करावा ही सोय कोनिकाच्या सी-३५ एएफनं १९७७ साली सर्वसामान्यांच्या हातात दिली. १९८६ साली पेंटॅक्सनं त्याला झूमची जोड दिली, ३५ ते ७० मिलिमीटर. आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, मोठा तेवढी वस्तू जवळ. पुढच्या काही वर्षांत हे छोटे कॅमेरे १०५ मिलिमीटरपर्यंत गेले. आपल्याकडे ते बहुतेक करून कुणाच्या तरी बॅगेतून आले. आखातातला मामा, अमेरिकेतली मावसबहीण, बोटीवर असलेला शेजारी. कुणी मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात जाऊन घासाघीस करून आणी.

आमच्या घरी तो मस्कतच्या मामाबरोबर आला. चालू केला की पुढचं झाकण बाजूला सरके आणि भिंग झूं करत बाहेर येई. बोटाखालचं बटण दाबलं की आणखी बाहेर. बघायच्या छोट्या खिडकीतलं दृश्यही त्याबरोबर जवळ येई, आणि ती खिडकी डोळ्याला लावून बसायची घरात चढाओढ लागे. रोलवरच्या चौकटी वाचून फिल्म किती वेगाची हे तो स्वतः ओळखायचा. रोल संपला की आपोआप गुंडाळायला लागायचा आणि त्या आवाजानं सगळे हळहळायचे. सेल साधे चालत नसत. लिथियमचा सीआर १२३ए लागे, तो तालुक्याला मिळत नसे, पुण्या-मुंबईहून येणाऱ्याला सांगून ठेवावा लागे.

आजीचा मला सगळ्यात आवडता फोटो याच कॅमेऱ्यातला. संगमेश्वराकडचं घर, मे महिना, अंगणात रातांब्यांची सोलं वाळत घातलेली. आजीला कॅमेरा दिसला की ती आधी आत जाऊन लुगडं बदलून येई, पदर दोन्ही खांद्यांवरून घेई आणि श्वास रोखून बसे. त्या दिवशी मामा अंगणाच्या पार टोकाला, आंब्याखाली होता. फोटोत ती उकिडवी बसलीय. रसात बुडवून काढलेलं एक सोल तिनं दोन बोटांत धरलंय, उरलेली बोटं रसानं लालभडक आणि उताणी, लुगड्याला लागू नयेत म्हणून अंगापासून दूर धरलेली. केसांची एक बट कपाळावर आलीय, ती मनगटानं मागे सारतेय. ओठ किंचित पुढे आलेत, म्हणजे ती काहीतरी पुटपुटत असणार. काम करताना ती नेहमी स्तोत्रं म्हणायची. मागची पडवी जराशी पुसट झालीय. खालच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख, ’९४ ५ १९. स्टुडिओत जाऊन काढलेले तिचे दोन फोटो आहेत, भिंतीवर हार घातलेला त्यातलाच एक. पण आजी कशी होती असं मुलं विचारतात तेव्हा मी हा रातांब्याचा काढते.

हा फोटो चांगला का येतो, त्याला कारण आहे. चेहऱ्याचं रूप भिंगापेक्षा अंतरावर ठरतं. कॅमेरा हातभर अंतरावर धरला तर नाक कानांपेक्षा बरंच जवळ असतं, म्हणून ते मोठं दिसतं आणि कान मागे पळतात. तोच चेहरा बारा-पंधरा फुटांवरून पाहिला तर नाक आणि कान यांच्यातला फरक त्या अंतरापुढे नगण्य होतो आणि सगळं आपापल्या मापात बसतं. अंगणातून ओटीवर, माजघराच्या दारातून चुलीपाशी, आपण घरच्या माणसांना दिवसभर ज्या अंतरावरून पाहत असतो, साधारण त्याच अंतरावर उभं राहून फोटो काढायची मुभा झूम देतो. ते चेहरे आपल्या ओळखीचे वाटतात ते यामुळे.

दुसरी गोष्ट, तो कॅमेरा कुणा एकाचा नव्हता. घराचा होता. कपाटात वरच्या कप्प्यात असायचा आणि ज्याला प्रवासाला जायचं तो न्यायचा. त्यामुळे एका रोलमध्ये अनेकांचे दिवस एकमेकांना लागून येत. सुरुवातीला गणपती, मग ताईच्या शाळेचं गॅदरिंग, मग काका-काकूंची गाणगापूरची यात्रा, आणि उरलेले तीन-चार फोटो "रोल संपवायचा म्हणून" काढलेले. या शेवटच्या फोटोंवर माझा फार जीव आहे. गोठ्यातलं वासरू, सायकलवर आलेला पोस्टमन, झोपलेले बाबा. मुद्दाम कुणी काढले नसते असे. रोल कलर लॅबमध्ये धुवायला टाकला की पाकीट येईपर्यंत वाट पाहायची. आलं की निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरून कुणाला कुठल्या फोटोच्या किती कॉप्या हव्यात ते ठरायचं. काकूंना गाणगापूरच्या फोटोंसाठी ताईचं गॅदरिंग पाहावंच लागे, आणि ताईला गाणगापूर. एकमेकांचे दिवस अशा रीतीनं आपोआप कळत.

या कॅमेऱ्यांच्या उणिवाही होत्या. पेंटॅक्सच्या त्या पहिल्या झूमचं भिंग रुंद दृश्याला एफ ३.५ उघडे, पूर्ण ताणल्यावर एफ ६.७. म्हणजे ताणल्यावर प्रकाश आत येई जेमतेम चौथा हिस्सा. पुढे १०५ आणि १४० मिलिमीटरचे आले त्यांची तर त्या टोकाला आणखी ओढाताण. शंभर वेगाची फिल्म, दिवेलागणीची वेळ आणि पूर्ण ताणलेला झूम असा योग आला की हात हललाच म्हणून समजा. फ्लॅश फार तर चार-पाच मीटर जाई, आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये दहाव्या रांगेतून काढलेल्या फोटोत पुढच्या रांगांतल्या डोक्यांवर लख्ख उजेड, रंगमंच काळोखात. जाणकार दुकानदार म्हणून चारशेची फिल्म सुचवत.

डिजिटलनं या दुखण्यांवर इलाज केला. थरथर सावरून घेणारं भिंग आलं, फिल्मचा वेग रोल न बदलता वाढवता येऊ लागला, काढलेला फोटो जागच्या जागी दिसायला लागला. २००६ साली पॅनासॉनिकनं टीझेड-वन काढला, खिशातल्या कॅमेऱ्यात दहापट झूम, ३५ ते ३५० मिलिमीटर, आणि प्रवासाचा कॅमेरा ही वेगळीच जात तयार झाली. मी घेतला तो पुढच्या वर्षीचा, कॅननचा ए-७२० आयएस. सहापट झूम, डोळा लावायची खिडकी शाबूत, आणि चालायला कुठल्याही टपरीवर मिळणारे दोन पेन्सिल सेल. प्रवासात त्या दोन सेलांचं मोल काय असतं ते एसटीनं फिरणाऱ्याला विचारावं.

तो गळ्यात अडकवून मी भुलेश्वरला गेले होते. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत सोडून आत वळलं की डोंगरावर हे देऊळ आहे. बाहेरून किल्ल्यासारखं, आत यादवकालीन शिल्पांची गर्दी आणि अंधार. तिथे भिंतीच्या वरच्या भागात गणपतीचं स्त्रीरूप कोरलेलं आहे, वैनायकी. खालून पाहिलं तर मांडी घालून बसलेली एक आकृती एवढंच कळतं आणि बहुतेक माणसं गाभाऱ्याकडे जाताना पुढे निघून जातात. मी फ्लॅश बंद केला, समोरच्या खांबाला पाठ टेकली, कोपर पोटाशी घट्ट धरलं, झूम शेवटपर्यंत नेला आणि अर्धा खटका दाबून श्वास सोडताना उरलेला दाबला. चार-पाच फोटो हलले, एक आला. त्यात गळ्यातले दागिने ओळीनं मोजता येतात, वस्त्राची काठासारखी रेघ दिसते, खाली उंदीर दिसतो. शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते. त्यांना पडद्यावर दाखवला तेव्हा त्यांनी मान वर करून पुन्हा मूर्तीकडे पाहिलं, मग नातवाला उचलून खांद्यावर घेतलं आणि त्याला वर बोट करून दाखवायला लागले. "इतक्या वर्षांत पयल्यांदा नीट दिसली," असं मला म्हणाले. झूम मला आवडतो तो याच्यासाठी.

एवढा झूम एवढ्याशा डबीत मावतो कसा, हे बऱ्याच जणांना कोडं वाटतं. गोम चित्र टिपणाऱ्या पटलाच्या आकारात आहे. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. या कॅमेऱ्यांतलं पटल साधारण सहा बाय साडेचार, म्हणजे क्षेत्रफळ तीसेक पटींनी लहान. कॅननच्या २०१८ च्या एसएक्स-७४० मध्ये झूम २४ ते ९६० मिलिमीटर म्हणतात, पण भिंगाची खरी लांबी ४.३ ते १७२ एवढीच. लहान पटलावर तेवढ्यानंच काम भागतं. किंमत मोजावी लागते ती प्रकाशात. भर उन्हात भिगवणचे रोहित पंखांवरच्या गुलाबी रेघांसकट मिळतात, संध्याकाळी त्याच जागी चित्र रवाळ होतं. ज्याला संध्याकाळही हवी त्याच्यासाठी एक इंची म्हणवणारं पटल असलेले कॅमेरे निघाले, सोनीच्या आरएक्स-१०० पासून पुढचे. पटल चौपट मोठं, झूम कमी, किंमत भरपूर. दोन्ही एकत्र खिशात मावत नाहीत, आणि मावतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

मग फोन आले. २०१० साली जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या हिशेबानं जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे रवाना झाले. २०२३ साली सुमारे ७७ लाख. घट झाली ती मुख्यतः या छोट्या कॅमेऱ्यांतच. फोनबद्दल माझी तक्रार नाही. रात्रीचे फोटो तो असे काढतो की त्या जुन्या कॅमेऱ्यांना स्वप्नातही जमलं नसतं, आणि बोस्टनमधल्या बहिणीला गौरीची सजावट त्याच क्षणी दिसते. २०१९ पासून काही फोनांत आडवं भिंग बसवून खराखुरा पाचपट झूमही मिळू लागला आहे. त्यापुढे ताणलं की मात्र फोन चित्र कापून मोठं करतो आणि उणे भाग अंदाजानं भरतो. चंद्राच्या फोटोंवरून २०२३ साली यावर बरीच चर्चा झाली. वैनायकीच्या गळ्यातला दागिना फोननं अंदाजानं भरलेला मला नको आहे. तिथे जे कोरलंय तेवढंच हवं.

खरी गोष्ट निराळी आहे. फोनचं मुख्य भिंग २४ ते २६ मिलिमीटरचं, म्हणजे रुंद. सहज म्हणून काढलेला फोटो रुंदच येतो, आणि हात लांब करून स्वतःसकट काढला तर चेहरे पुढे, देऊळ मागे. कोण होतं, कुठे होतं. आपण फिरून बाबांच्या क्लिक थ्रीपाशी आलो आहोत, फक्त रांगेची जागा घोळक्यानं घेतली. माझ्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत. त्यांत आई भाजी निवडत असलेला शोधायला गेले तेव्हा सापडला नाही. आई फोनकडे बघून हसतेय असे पुष्कळ सापडले.

बेलवाडीच्या रिंगणाला हे फार जाणवलं. तुकोबांची पालखी तिथे मुक्कामाआधी थांबते, मैदानात गोल धरला जातो, झेंडेकरी धावतात, डोईवर तुळस घेतलेल्या बाया धावतात, वीणेकरी धावतात आणि मग अश्व. माझ्या पुढे सगळे हात वर, हातांत फोन, फोनात पलीकडच्या गर्दीचा पट्टा. माझ्याकडे तीसपट झूमचा कॅमेरा होता. गोलाच्या पलीकडून एक म्हातारी धावत होती, एका हातानं वृंदावन सावरलेलं, दुसऱ्या हातात निऱ्या वर धरलेल्या, तोंड उघडं, दात एकच, आणि सगळा चेहरा हसण्यात गेलेला. ती माझ्यासमोर येईपर्यंत तो चेहरा तसा राहिला नसता. मी तो तिथूनच घेतला.

घरच्या माणसाला नकळत टिपणं आणि परक्याला टिपणं यांत फरक आहे, तो मी पाळते. लांबून पाहण्यात चोरीही होऊ शकते. म्हणून रिंगण मोडल्यावर मी तिला शोधत गेले. अश्वांच्या टापांखालच्या धुळीचा अंगारा कपाळाला लावून ती शेंगदाण्याचा लाडू खात बसली होती. फोटो दाखवला, ठेवू का म्हणून विचारलं. तिनं खूप वेळ पाहिला, मग शेजारणीला दाखवला, मग नातवाचा फोन नंबर सांगितला, आकडा न चुकता, तोंडपाठ. त्यालाच मी तो रात्री पाठवला. फोटो घ्यायला झूम लागला आणि पोचवायला फोन.

सध्या या जुन्या छोट्या कॅमेऱ्यांची तरुण मुलांमध्ये पुन्हा ओढ आहे. पॅनासॉनिकनं २०२५ च्या सुरुवातीला टीझेड-९९ हा तीसपट झूमचा कॅमेरा बाजारात आणला. डोळा लावायची खिडकी त्यात नाही याचं मला वाईट वाटतं. मे महिन्याच्या उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, आणि कपाळाला टेकवलेला कॅमेरा हलतही कमी. जुना घेणाऱ्यांना मी एवढंच सांगते की भिंग पूर्ण बाहेर काढून उजेडात आत धूळ किंवा बुरशी आहे का ते बघावं, बाहेर येताना-जाताना ते अडखळतंय का ते ऐकावं, आणि २००६ च्या आधीचा असेल तर दोन जीबीहून मोठं कार्ड घालू नये, तो ते वाचत नाही. पेन्सिल सेल साधे घेऊ नयेत, चार्ज होणारे घ्यावेत. झूम पुढे-मागे करण्यात सेल फार खर्च होतात.

माझा ए-७२० मी पुन्हा घराचा करून टाकला आहे. तो कपाटात असतो आणि मागेल त्याला मिळतो. अट दोनच, परत आला की कार्ड न पुसता ठेवायचं आणि सगळ्यांनी मिळून त्यातले पोस्टकार्ड आकाराचे प्रिंट निवडायचे. मागच्या वेळी भाचीनं तो कॉलेजच्या कोकण सहलीला नेला. गुहागरच्या किनाऱ्यावर तिच्या मैत्रिणी लाटांत आहेत आणि ती लांब कोरड्या वाळूवर उभी राहून काढतेय असे बरेच फोटो होते. त्याच कार्डावर तिच्या आधी काकांनी काढलेले पन्हाळ्याचे तीन फोटो आणि अंगणातला भारद्वाज होता, ते तिनं न सांगता प्रिंटला टाकले. आता चुलतभाऊ हंपीला चाललाय, त्यानं आधीच नंबर लावून ठेवलाय. विठ्ठल मंदिराच्या खांबांसाठी त्याला फ्लॅश कसा बंद करायचा ते दाखवायचं आहे, आणि सेलांचा आणखी एक जोड मागवायचा आहे.